वेढ्यातील शहर : रतनपूर, नागपूर, रायपूर आणि आजची शहरी युद्धे

शहराला वेढा घालून ते जिंकणे हा युद्धाचा अतिप्राचीन प्रकार आहे. तोफा आल्या, विमाने आली, क्षेपणास्त्रे आणि ड्रोन आले, तरी तो कालबाह्य झालेला नाही. साराजेव्हो, ग्रोझनी, फलुजा, अलेप्पो, मोसुल, मारावी, मारिउपोल, गाझा आणि अल फाशेर ही नावे गेल्या पस्तीस वर्षांत जगभर पोहोचली, ती मुख्यतः शहरात झालेल्या युद्धांमुळे. या युद्धांविषयी बोलताना शस्त्रास्त्रांची चर्चा अधिक होते. प्रत्यक्षात वेढलेल्या शहराचे भवितव्य पाणी, धान्य, बाहेर जाणारी एखादी वाट आणि आतील लोकांचा परस्परांवरील विश्वास यांवर ठरत आलेले आहे. यांपैकी एकही गोष्ट तुटली, की तिची झळ सैनिकाच्या आधी सामान्य नागरिकाला लागते.

छत्तीसगडची राजधानी रायपूर आणि तिच्याशी शतकाहून अधिक काळ राजकीयदृष्ट्या जोडलेले नागपूर यांचा इतिहास या संदर्भात अभ्यासण्यासारखा आहे. या प्रदेशात मराठी फौज १७४१ मध्ये वेढा घालणाऱ्यांच्या बाजूला होती. त्यानंतर ७६ वर्षांनी नागपूरकर भोसल्यांची राजधानीच वेढ्यात सापडली.

तलावांचे शहर आणि नाहीसा झालेला किल्ला

रायपूर हे हैहयवंशी कलचुरी राजांच्या धाकट्या शाखेचे ठाणे होते. या शाखेतील राजा ब्रह्मदेव याच्या काळातील १४०२ चा शिलालेख उपलब्ध आहे. शहरातील किल्ला राजा भुवनेश्वरसिंह याने १४६० मध्ये बांधला, असे परंपरेने मानले जाते. किल्ल्याला पाच दरवाजे होते आणि त्याच्या रक्षणासाठी बुढा तलाव व महाराजबंध तलाव या विस्तीर्ण जलाशयांचा उपयोग केलेला होता. मैदानी प्रदेशात डोंगरी किल्ल्याची सोय नसते. त्यामुळे तलाव हाच येथे खंदक होता आणि तोच पाण्याचा साठाही होता. आज किल्ल्याचे फारच थोडे अवशेष राहिले आहेत. पुरानी बस्ती, ब्रह्मपुरी ही जुन्या वस्तीची नावे टिकून आहेत आणि बुढा तलाव विवेकानंद सरोवर या नावाने ओळखला जातो.

दुर्गाच्या रक्षणात पाण्याचे स्थान पहिले, हे मराठी राजनीतीलाही चांगले ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्य यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, एकाच झऱ्यावर विसंबू नये, तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात म्हणून राखीव टाकी बांधून ठेवावीत, असा उपदेश आहे. ज्या राज्याचा कारभार किल्ल्यांवर चालला, त्या राज्याचा हा अनुभव होता.

रतनपूर, १७४१ : न लढता उघडलेला दरवाजा

नागपूरकर रघूजी भोसले यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर, म्हणजे इतिहासातील भास्करपंत, यांनी १७४१ मध्ये पूर्वेकडील मोहिमेवर जाताना छत्तीसगडात प्रवेश केला. हैहयांच्या थोरल्या शाखेची राजधानी तेव्हा रतनपूर येथे होती. हे स्थान आजच्या बिलासपूर जिल्ह्यात आहे. राजा रघुनाथसिंह वृद्ध होता. एकुलत्या एक पुत्राच्या निधनामुळे तो खचलेला होता आणि राज्यकारभारातून त्याने मन काढून घेतले होते.

गॅझेटिअरमध्ये नोंदलेल्या वृत्तांतानुसार, मराठी तोफखान्याच्या माऱ्याने राजवाड्याचा काही भाग कोसळला. राजा प्रतिकाराची आज्ञा देत नाही, असे पाहून एका राणीने तटावर शरणागतीचे निशाण उभारले आणि दरवाजे उघडले गेले. शहरावर एक लाख रुपये दंड बसविण्यात आला आणि खजिना ताब्यात घेतला गेला. रघुनाथसिंहाला भोसल्यांच्या नावाने गादीवर राहू देण्यात आले. कल्चुरींची सात शतकांची सत्ता अशा रीतीने जवळजवळ न लढता संपुष्टात आली.

या घटनेत तट दुबळा होता किंवा पाणी संपले होते, असे म्हणता येत नाही. रतनपूर हे तर तलावांसाठी प्रसिद्ध गाव होते. तेथे कमतरता होती ती निर्णय घेणाऱ्याची. मात्र राणीचा निर्णय केवळ भीरुतेचा होता, असेही समजू नये. रतनपूरची वस्ती लुटीच्या पूर्ण तडाख्यातून काही अंशी वाचली, ती लवकर झालेल्या शरणागतीमुळे. दंड हा त्या वाचण्याचा मोबदला होता.

रायपूरच्या बाबतीत तर वेढ्याचीही आवश्यकता पडली नाही. तेथील राजा अमरसिंह याला १७५० मध्ये गाजावाजा न करता पदच्युत करण्यात आले आणि सालिना सात हजार रुपये खंडणीवर रायपूर, राजिम व पाटण हे परगणे त्याच्याकडे ठेवण्यात आले. पुढे रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथे राहून १७८७ पर्यंत या प्रदेशाचा कारभार पाहिला. थोरले ठाणे पडले, की धाकटी ठाणी आपोआप पडतात, हा नियम या घटनाक्रमात दिसतो. आसपासच्या मदतीचा भरवसा संपला, म्हणजे किल्ल्याचा उपयोगही संपतो.

नागपूर, १८१७ : वेढ्याच्या आत

तिसऱ्या इंग्रज–मराठा युद्धात परिस्थिती पालटली. मुधोजी भोसले ऊर्फ आप्पासाहेब यांच्या फौजेने २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी नागपूरच्या सीताबर्डी टेकड्यांवर इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांच्या तुकडीवर हल्ला केला. इंग्रजांकडे सुमारे चौदाशे सैनिक होते. भोसल्यांची फौज अनेक पटींनी मोठी होती. अरब शिपायांनी धाकटी टेकडी जिंकलीही, परंतु ती त्यांना राखता आली नाही आणि हल्ला फसला. १२ डिसेंबर रोजी जनरल डव्हटन मोठी कुमक घेऊन आला. १६ डिसेंबर रोजी आप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाले आणि त्याच दिवशी झालेल्या लढाईत भोसल्यांच्या फौजेची फळी फुटली.

यानंतरचा भाग सामान्यतः कमी सांगितला जातो. राजा शत्रूच्या छावणीत असताना अरब आणि हिंदुस्थानी शिपायांनी शहराच्या तटाआड आश्रय घेतला आणि शरण येण्यास नकार दिला. इंग्रजांनी जुम्मा दरवाजाला, म्हणजे आजच्या गांधी दरवाजाला, तोफा लावल्या. २४ डिसेंबर रोजी त्यांनी एल्गार केला. दरवाजापर्यंत पोहोचलेल्या तुकड्यांवर आसपासच्या घरांतून आणि भिंतींआडून असा मारा झाला, की इंग्रजांना मोठी हानी सोसून मागे फिरावे लागले. शहरातील घर हेच बुरूज होते आणि गल्ली हाच खंदक, याचा हा प्रत्यय होता. आजच्या युद्धशास्त्रात या गोष्टीचा विचार प्रकरणेच्या प्रकरणे लिहून केला जातो.

तरीही नागपूर टिकले नाही. शिपायांना राजा नव्हता, बाहेरून कुमक येण्याची आशा नव्हती. इंग्रजांनाही वेढा लांबवायचा नव्हता. अखेर तडजोड झाली आणि ३० डिसेंबर १८१७ रोजी अरब आपल्या कुटुंबकबिल्यासह, मालमत्तेसह आणि सुरक्षिततेच्या हमीवर शहराबाहेर पडले. घरोघरी लढाई होऊन नागपूर बेचिराख होण्याचा प्रसंग त्यामुळे टळला. वेढ्याच्या इतिहासात ज्या वाटाघाटी पराभवाची नोंद म्हणून दुर्लक्षिल्या जातात, त्यांनीच पुष्कळदा हजारो घरे वाचविली आहेत.

याच युद्धाचा परिणाम म्हणून १८१८ मध्ये छत्तीसगडचा कारभार इंग्रज अधीक्षकांकडे गेला आणि मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आले. मधल्या काळात, १८३० पासून, तो पुन्हा भोसल्यांकडे होता. १८५४ मध्ये नागपूर संस्थान खालसा झाले आणि हा प्रदेश कायमचा इंग्रजी अमलाखाली गेला.

रायपूर, १८५७–५८ : धान्य, आग आणि सहा-सात तास

१८५६ च्या दुष्काळात सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी व्यापाऱ्याच्या कोठारातील धान्य भुकेल्या रयतेला वाटले. या कृत्याबद्दल त्यांना रायपूरच्या तुरुंगात टाकण्यात आले. ऑगस्ट १८५७ मध्ये ते तेथून निसटले आणि त्यांनी सोनाखान येथे माणसे जमविली. इंग्रज तुकडीने गाव गाठून ते पेटवून दिले. रयतेचे आणखी हाल होऊ नयेत म्हणून नारायणसिंहांनी स्वतःला शत्रूच्या हवाली केले. १० डिसेंबर १८५७ रोजी त्यांना रायपूर येथे फाशी देण्यात आले. शहरातील जयस्तंभ चौक आज त्यांच्या स्मृतीशी जोडलेला आहे.

पुढच्याच महिन्यात, १८ जानेवारी १८५८ रोजी, रायपूरच्या छावणीत हनुमानसिंह या शिपायाने सार्जंट मेजर सिडवेल याला ठार केले आणि मोजक्या साथीदारांसह तोफा व दारूगोळा ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला. इतर पलटणी उठल्या नाहीत. सहा-सात तासांनी प्रतिकार संपला. २२ जानेवारी रोजी १७ जणांना फाशी देण्यात आले. हनुमानसिंह मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

या दोन घटना रूढ अर्थाने वेढ्याच्या नाहीत. तथापि त्यांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. धान्य ज्याच्या ताब्यात, सत्ता त्याची. आणि वस्ती जाळण्याची धमकी ही लढवय्यापेक्षा त्याच्या लोकांवर रोखलेली असते. पुढील शतकातील प्रत्येक मोठ्या वेढ्यात याच दोन गोष्टींची पुनरावृत्ती झाली.

कूत आणि पूंछ : भूक व आकाशमार्ग

विसाव्या शतकात विमान आले आणि वेढ्याला पहिल्यांदाच वरची बाजू मिळाली. त्याचा पहिला प्रयोग ज्या वेढ्यात झाला, त्यात महाराष्ट्रातील सैनिक मोठ्या संख्येने होते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीकाठच्या कूत अल अमारा या गावात ब्रिटिश-हिंदी फौजेची सहावी, म्हणजे पूना डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडली. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी या डिव्हिजनमध्ये होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये सुरू झालेला वेढा १४७ दिवस चालला. गावात सुमारे सहा हजार स्थानिक रहिवासीही अडकले होते.

सुटकेसाठी आलेल्या फौजांचे हल्ले एकामागून एक अपयशी ठरले आणि शिधा कमी होत गेला. घोड्यांचे मांस खाण्याची पाळी आली, तेव्हा अनेक हिंदी सैनिकांनी धर्मश्रद्धेमुळे दीर्घकाळ ते नाकारले आणि त्यांची प्रकृती वेगाने ढासळली. एप्रिल १९१६ मध्ये विमानांतून धान्याची पोती टाकण्यात आली. वेढलेल्या फौजेला आकाशातून अन्न पुरविण्याचा तो पहिला प्रयत्न मानला जातो. तत्कालीन विमानांची क्षमता अपुरी होती. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली आणि त्यांपैकी अनेकांचा पुढे कैदेत अंत झाला.

तीस वर्षांनी भारतीय भूमीवर हाच प्रयोग यशस्वी झाला. नोव्हेंबर १९४७ पासून जम्मू-काश्मीरमधील पूंछ शहर वेढ्यात होते. सैन्याबरोबर तेथे सुमारे चाळीस हजार निर्वासित अडकले होते. ब्रिगेडियर प्रीतमसिंग यांच्या नेतृत्वाखाली सैनिक आणि निर्वासित यांनी मिळून विमानांसाठी धावपट्टी तयार केली. एअर कमोडोर मेहरसिंग यांनी डिसेंबर १९४७ मध्ये डोंगरांनी घेरलेल्या त्या पट्टीवर डाकोटा विमान उतरवून दाखविले. त्यानंतर तोफा, दारूगोळा आणि धान्य आत जाऊ लागले, आणि परतीच्या विमानांतून हजारो निर्वासित बाहेर पडले. नोव्हेंबर १९४८ मध्ये जमिनीवरून आलेली फौज पूंछला मिळाली आणि वर्षभराचा वेढा उठला.

कूत आणि पूंछ यांतील फरक केवळ विमानांच्या क्षमतेचा नव्हता. पूंछमध्ये नागरिक हे ओझे न मानता त्यांना संरक्षणाच्या कामात सहभागी करून घेण्यात आले. ज्यांना बाहेर जाणे आवश्यक होते, त्यांच्यासाठी वाट काढण्यात आली आणि त्यामुळे आतील शिध्यावरचा भारही हलका झाला.

लेनिनग्राड आणि साराजेव्हो

दुसऱ्या महायुद्धातील लेनिनग्राडचा वेढा ८ सप्टेंबर १९४१ पासून २७ जानेवारी १९४४ पर्यंत, म्हणजे ८७२ दिवस चालला. पहिल्या हिवाळ्यात कामगार नसलेल्या नागरिकांना दिवसाला केवळ १२५ ग्रॅम पाव मिळत असे आणि त्यातही निकृष्ट भेसळ असे. लादोगा सरोवर गोठल्यावर बर्फावरून मालमोटारींची वाट सुरू झाली. याच वाटेने धान्य आत आले आणि लक्षावधी माणसे बाहेर पडली. तरीही भूक, थंडी आणि मारा यांनी सुमारे आठ ते दहा लाख नागरिकांचा बळी घेतला.

बोस्नियाची राजधानी साराजेव्हो एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ पर्यंत, १४२५ दिवस वेढ्यात होती. शहर दरीत वसलेले आणि तोफा भोवतालच्या डोंगरांवर, अशी स्थिती होती. पाणीपुरवठा बंद पडल्यावर मद्य बनविण्याच्या कारखान्यातील झऱ्यावर लोकांनी रांगा लावल्या. पावाच्या आणि पाण्याच्या रांगांवरही तोफगोळे पडले. नेमबाजांच्या माऱ्यात असलेले रस्ते ओलांडणे हा दैनंदिन जीवनाचा भाग झाला. १९९३ मध्ये विमानतळाच्या धावपट्टीखालून सुमारे ८०० मीटर लांबीचे भुयार खोदण्यात आले. धान्य, औषधे, इंधन आणि शस्त्रे त्या एका अरुंद वाटेने आत येऊ लागली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विमानांनीही साडेतीन वर्षे मदत पोहोचविली. वाट कितीही लहान असो, ती असणे आणि नसणे यांत शहराचे जगणे आणि मरणे असते, हे या दोन्ही उदाहरणांवरून दिसते.

घरोघरची लढाई

वेढा घालणाऱ्याने आत शिरण्याचे ठरविले, म्हणजे युद्धाचा दुसरा टप्पा सुरू होतो. उघड्या मैदानात ज्या शस्त्रांचा वरचष्मा असतो, ती शहरात निष्प्रभ होतात. ३१ डिसेंबर १९९४ रोजी रशियन रणगाड्यांचे ताफे चेचन्याची राजधानी ग्रोझनीमध्ये शिरले. चेचेन लढवय्यांनी ताफ्यातील पहिले आणि शेवटचे वाहन उडवून मधली वाहने अडकवून टाकली. रणगाड्याची तोफ वरच्या मजल्यापर्यंत उचलता येत नाही आणि तळघरापर्यंत वाकविता येत नाही, याचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला. त्यानंतर रशियन फौजेने दूरवरून भडिमाराचा मार्ग पत्करला आणि शहर उद्ध्वस्त झाले. सैनिकांचे प्राण वाचविण्यासाठी मारा वाढवायचा आणि मारा वाढला की नागरिक मरायचे, हा शहरी युद्धातील मूळ पेच आहे.

भारतीय सैन्याला हा पेच श्रीलंकेत अनुभवावा लागला. ऑक्टोबर १९८७ मध्ये शांतिसेनेने जाफना शहर तमिळ वाघांच्या ताब्यातून घेण्यासाठी ‘ऑपरेशन पवन’ ही मोहीम हाती घेतली. विद्यापीठाच्या आवारात हेलिकॉप्टरने उतरलेली शीख लाइट इन्फन्ट्रीची एक तुकडी जवळजवळ संपूर्ण मारली गेली. सुरुंग पेरलेल्या रस्त्यांमुळे आगेकूच मंदावली. शहर ताब्यात येण्यास सुमारे दोन आठवडे लागले. या लढाईत नागरिकांचेही प्राण गेले. जाफना रुग्णालयातही मृत्यू झाले आणि त्यावरून झालेले आरोप दीर्घकाळ चर्चेत राहिले.

इराकमधील मोसुल शहर इस्लामिक स्टेट या संघटनेकडून परत घेण्यास ऑक्टोबर २०१६ पासून जुलै २०१७ पर्यंतचा काळ लागला. घरे सुरुंगांनी पेरलेली होती, स्फोटकांनी भरलेली वाहने गल्ल्यांतून सोडली जात होती, छोट्या ड्रोनमधून बॉम्ब टाकले जात होते आणि रहिवाशांना ढाल म्हणून अडकवून ठेवले होते. हजारो नागरिक मृत्युमुखी पडले. जुन्या शहरातील अल नूरी मशीद या युद्धात उद्ध्वस्त झाली. युनेस्कोच्या साहाय्याने तिची पुनर्बांधणी पूर्ण होण्यास २०२५ साल उजाडले. नऊ महिन्यांच्या लढाईने पाडलेले शहर उभारण्यास किती वर्षे लागतात, याचे हे एक माप आहे.

मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी झालेला हल्ला हा वेढा नव्हता. मात्र गजबजलेल्या इमारतींत अडकलेल्या निरपराध लोकांना वाचवीत लढणे किती कठीण असते, हे त्या सुमारे साठ तासांत देशाने पाहिले. दहा दहशतवाद्यांनी १६६ जणांचे प्राण घेतले. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो हरियाणातील मानेसर येथून आणावे लागले होते. त्यानंतर २००९ मध्ये मुंबईसह चार महानगरांत या दलाची केंद्रे स्थापन झाली आणि महाराष्ट्राने ‘फोर्स वन’ हे स्वतंत्र पथक उभारले.

मारिउपोल आणि अल फाशेर

युक्रेनमधील मारिउपोल बंदराला २०२२ च्या फेब्रुवारीअखेर रशियन फौजांचा वेढा पडला. मार्चच्या प्रारंभीच पाणी, वीज आणि तापन व्यवस्था बंद पडली. लोकांनी बर्फ वितळवून पाणी प्यायले. १६ मार्च रोजी नागरिकांनी आश्रय घेतलेल्या नाट्यगृहावर बॉम्ब पडला. आत मुले असल्याचे त्याच्या बाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते. अझोव्हस्ताल पोलाद कारखान्याच्या तळघरांतील अखेरचा प्रतिकार २० मे रोजी संपला.

सुदानमधील अल फाशेर शहराला निमलष्करी ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ने मे २०२४ पासून वेढले होते. वेढा घालणाऱ्यांनी शहराभोवती मातीचा बांध उभारला. पूर्वी तट शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी बांधला जाई. येथे तो नागरिकांना आत कोंडण्यासाठी बांधला गेला. लोकांवर जनावरांचे खाद्य खाण्याची वेळ आली. २६ ऑक्टोबर २०२५ च्या सुमारास शहर पडले आणि त्यानंतर नागरिकांच्या मोठ्या प्रमाणावरील हत्यांची वृत्ते आली.

कायदा काय म्हणतो

लेनिनग्राडच्या संदर्भातील एक निकाल येथे लक्षात घेण्यासारखा आहे. न्यूरेंबर्ग येथे १९४८ मध्ये अमेरिकी न्यायाधिकरणापुढे जर्मन फील्ड मार्शल फॉन लेब यांच्यावर खटला चालला. वेढलेल्या शहरातून बाहेर पडणाऱ्या नागरिकांवर गोळीबार करून त्यांना परत आत लोटणे हे तत्कालीन कायद्यानुसार गुन्हा ठरत नाही, असे न्यायाधिकरणाला खेदपूर्वक नमूद करावे लागले. उपाशी माणसे आत राहिली, की शहर लवकर शरण येते, हा युद्धाचा मान्य डावपेच होता.

हा कायदा पुढे टप्प्याटप्प्याने बदलला. १९४९ च्या चौथ्या जीनिव्हा कराराने वेढलेल्या भागातून जखमी, आजारी, वृद्ध, बालके आणि बाळंतिणी यांना बाहेर काढण्यासाठी स्थानिक समझोते करण्याचा प्रयत्न करावा, असे सांगितले. १९७७ च्या पहिल्या पूरक मसुद्याने नागरिकांची उपासमार हे युद्धाचे साधन म्हणून वापरण्यास मनाई केली. अन्न, पिके आणि पाण्याच्या योजना नष्ट करण्यासही त्यात बंदी आहे. संयुक्त राष्ट्र सुरक्षा परिषदेने मे २०१८ मध्ये ठराव क्रमांक २४१७ संमत करून उपासमारीच्या डावपेचाचा निषेध केला. लोकवस्तीत स्फोटक शस्त्रांच्या वापरावर निर्बंध घालण्याची ग्वाही अनेक देशांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये डब्लिन येथे दिली.

भारत चारही जीनिव्हा करारांत सहभागी असून त्यासाठी १९६० मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला आहे. १९७७ चे पूरक मसुदे भारताने स्वीकारलेले नाहीत. तथापि नागरिकांना उपाशी ठेवू नये हा नियम आता रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग मानला जातो. शत्रुसैन्याला वेढा घालणे आजही बेकायदेशीर नाही. नागरिकांना भुकेने मारणे मात्र बेकायदेशीर आहे. आधुनिक शहरात सैनिक आणि नागरिक एकाच नळाचे पाणी पितात. त्यामुळे हा भेद कागदावर स्पष्ट आणि रणांगणात अत्यंत अवघड ठरतो.

संरक्षणाचा पाया

या सर्व उदाहरणांवरून शहराच्या संरक्षणाची काही सूत्रे मांडता येतात. पाण्याचे एकाहून अधिक आणि विजेवर न चालणारे उद्गम असावेत. धान्याचा आणि औषधांचा साठा एका ठिकाणी नसावा. बाहेर जाण्याची वाट आधी ठरलेली असावी आणि दुर्बलांनी ती प्रथम वापरावी. रुग्णालये, शाळा आणि आश्रयस्थाने लष्करी ठाण्यांपासून दूर ठेवावीत. निर्णय कोणी घ्यायचा, हे संकटापूर्वी निश्चित असावे. यातील बहुतेक गोष्टी पूर, भूकंप आणि साथीचे रोग यांतही तितक्याच उपयोगी पडतात.

भारतात या तयारीची चौकट १९६८ च्या नागरी संरक्षण कायद्याने घालून दिलेली आहे. ७ मे २०२५ रोजी देशभर झालेल्या नागरी संरक्षण सरावात छत्तीसगडमधून दुर्ग जिल्ह्याचा, म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या परिसराचा समावेश होता. हा परिसर रायपूरपासून जवळच आहे. भोंगे वाजविणे, दिवे मालविणे आणि इमारती रिकाम्या करणे हा या सरावाचा भाग होता.

रायपूरला नळाचे पाणी १८९२ मध्ये मिळाले. नांदगाव संस्थानचे राजे बलरामदास यांच्या देणगीतून खारुन नदीवर त्या वेळी पाणीपुरवठा योजना उभी राहिली. तेव्हापासून शहराची तहान नदीवर आणि पंपांवर अवलंबून आहे, आणि जुने तलाव पिण्याच्या पाण्याच्या हिशेबातून बाहेर पडत गेले. राजबंधासारखा तलाव बुजवून त्याचे मैदान झाले. ज्या जलाशयांच्या आधारे पंधराव्या शतकात किल्ला उभारला गेला, त्यांपैकी बुढा तलाव आणि महाराजबंध आजही पाणी धरून आहेत. किल्ला पुन्हा बांधण्याची कोणालाच आवश्यकता नाही. तलाव राखण्याची आवश्यकता मात्र शांततेच्या काळातही आहे, कारण पंप बंद पडतात त्या दिवशी शहराजवळ तेवढेच पाणी उरते.